‘आम्ही तिथे होतो’ : एका मैफलीची आठवण आणि तिची ध्वनिफीत



स्मृती या विषयावर बोलताना मागच्या वेळी आपण अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’पाशी थांबलो होतो. सतराव्या शतकातला हा लहानसा पाठ्यग्रंथ. ज्ञानाचे तो दोन भाग करतो, स्मृती आणि अनुभव. जे ज्ञान केवळ संस्कारातून उपजतं ती स्मृती, आणि स्मृती सोडून बाकीचं ज्ञान म्हणजे अनुभव. या दोन खोल्यांच्या उंबरठ्यावर एक तिसरी बाई बसलेली असते, तिचं नाव प्रत्यभिज्ञा, म्हणजे ओळख पटणं. ‘हा तोच देवदत्त’ हे तिचं नेहमीचं उदाहरण. देवदत्त समोर दिसतो आहे, म्हणजे प्रत्यक्ष आहेच. पण तो पूर्वी पाहिलेला आहे, म्हणून त्यात संस्कारही मिसळला आहे. नैयायिक तिला प्रत्यक्षातच धरतात, स्मृतीत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

देवदत्ताला भेटून आपल्याला आता दोन-अडीच हजार वर्षं होत आली. तेव्हा आज त्याला जरा विश्रांती देऊ. आज आपण एक रॉक मैफल घेऊ. ८ मे १९७७, रविवार, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातलं इथाका नावाचं गाव, तिथलं कॉर्नेल विद्यापीठ, आणि विद्यापीठातला बार्टन हॉल. वादक मंडळी, ग्रेटफुल डेड. आम्ही तिथे नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. त्या मे महिन्यात आम्ही इथे घाम पुसत पेपर तपासत होतो. आणि आम्ही तिथे नव्हतो, ही गोष्ट आजच्या विषयाला उपयोगाचीच आहे.

बँडच्या नावाने दचकू नका. ‘कृतज्ञ मृतात्मा’ ही युरोपातल्या लोककथांमधली एक जुनी कल्पना आहे. वाटसरू एका बेवारस प्रेताचे अंत्यसंस्कार स्वतःच्या पैशाने करतो, आणि पुढे तो मृत माणूस त्याच्या मदतीला येतो. जेरी गार्सियाला हे शब्द एका शब्दकोशात सापडले. १९६५ साली कॅलिफोर्नियात ही मंडळी एकत्र आली. मूळ पिंड ब्लूजचा. रॉन मॅकर्नन, ज्याला सगळे पिगपेन म्हणत, हा ऑर्गन आणि माउथऑर्गन वाजवणारा खराखुरा ब्लूज गायक त्यांच्यात होता. तो १९७३ साली अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. आणि त्याच बँडमध्ये बास गिटार वाजवणारा फिल लेश, जो लुचियानो बेरियो या इटालियन संगीतकाराकडे आधुनिक प्रायोगिक संगीत शिकलेला. आता ब्लूजचा बारा मात्रकांचा सरळ साचा एकीकडे आणि बेरियो दुसरीकडे! या दोन टोकांमध्ये ते तीस वर्षं वाजवत राहिले. १९९५ साली गार्सिया गेला तोवर त्यांच्या दोन हजार तीनशेहून जास्त मैफली झाल्या होत्या.

त्यांची पद्धत आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. आज काय वाजवायचं याची पक्की यादी नसे. एक गाणं सुरू व्हायचं, गायन संपलं की वादनाचा विस्तार सुरू, आणि त्या विस्तारातून, मध्ये न थांबता, दुसऱ्याच गाण्यात प्रवेश. चाहते गाण्यांच्या यादीत अशा दोन गाण्यांच्या मध्ये एक बाण काढतात. बाण म्हणजे इथे टाळ्या नाहीत, इथे वाट आहे. कुठली वाट आज सापडेल हे वाजवणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. त्यामुळे काल बोस्टनला ऐकलं ते आज इथाकाला मिळेल याची खात्री नाही, आणि आजचं उद्या बफेलोला मिळणार नाही.

बरं, जे पुन्हा मिळणार नाही ते साठवावंसं वाटतंच. श्रोते टेपरेकॉर्डर घेऊन येऊ लागले. इतर बँडांनी असल्या लोकांना बाहेर काढलं असतं. यांनी चालू दिलं. आमचं वाजवून झालं, आता ते तुमचं, अशा आशयाचं गार्सियाचं म्हणणं असे. १९८४ पासून तर टेप करणाऱ्यांसाठी बसायला वेगळा विभागच ठेवला गेला. त्याआधीच, १९७१ च्या सुमारास, ब्रुकलिनमध्ये टेपांची फुकट देवाणघेवाण करणारं एक मंडळ निघालं होतं, आणि त्यातूनच १९७४ मध्ये ‘रेलिक्स’ हे मासिक जन्मलं. नियम साधा होता, विकायचं नाही. तुमच्याकडे द्यायला काही नसेल तर कोरी कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवा, समोरचा अनोळखी माणूस तुम्हाला मैफल भरून पाठवेल. कॅसेटवरून कॅसेट करताना दर पिढीला खरखर वाढते, म्हणून वेष्टनावर ही कितवी पिढी हेही लिहीत. गोत्र सांगितल्यासारखं. आपल्याकडे मैफलींच्या खासगी टेपा हाताहातांतून फिरल्या आहेत, त्या ज्यांनी जपल्या त्यांना हे सगळं कळेल. फक्त आपल्याकडे टेप जपणारा ती देताना जरा हात आखडता घेतो.

आता त्या रविवारकडे वळू. बार्टन हॉल म्हणजे काही नाट्यगृह नव्हे. लष्करी कवायतीसाठी बांधलेली ती दगडी इमारत. आत धावण्याचा ट्रॅक, वर उंच छप्पर. तो दिवस अमेरिकेत मातृदिनाचा होता. मे महिना असूनही त्या दिवशी इथाकात बर्फ पडला. पहिल्या सत्राची सुरुवात ‘न्यू मिंगलवुड ब्लूज’ने झाली. या गाण्याचं मूळ मेम्फिसच्या १९२८ च्या जगबँडच्या ध्वनिमुद्रणापर्यंत जातं. म्हणजे सुरुवात घरातूनच, ब्लूजच्या. मग डझनभर गाणी झाली. दुसऱ्या सत्राच्या आरंभी एक गंमत झाली. पुढे इतकी रेटारेटी होती की समोरचे लोक चेंगरायला लागले, तेव्हा बॉब वीअरने सगळ्या सभागृहाला खेळ खेळल्यासारखं एकेक पाऊल मागे सरायला सांगितलं. हे टेपवर आहे. त्यानंतर ‘स्कार्लेट बिगोनियाज’, बाण, ‘फायर ऑन द माउंटन’, अशी पंचवीस मिनिटांहून मोठी सलग वाट. आणि शेवटाकडे ‘मॉर्निंग ड्यू’.

‘फायर ऑन द माउंटन’पाशी जरा थांबू या, कारण त्यात आपला माणूस आहे. बँडचा एक तालवादक मिकी हार्ट हा उस्ताद अल्लारखाँकडे शिकला होता. अल्लारखाँचे चिरंजीव झाकीर हुसेन, आपल्या मुंबईत जन्मलेले आणि माहीममध्ये वाढलेले, तेव्हा कॅलिफोर्नियात होते. या दोघांनी मिळून ‘दिगा ऱ्हिदम बँड’ केला आणि १९७६ साली ‘दिगा’ नावाची तबकडी काढली. तिच्यात ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’ नावाची एक रचना आहे, जिच्यात गार्सियाही वाजवतो. तीच रचना पुढे ‘फायर ऑन द माउंटन’ झाली. १९७७ च्या मार्चमध्ये ते गाणं प्रथम मंचावर आलं, म्हणजे कॉर्नेलला ते जेमतेम दोन महिन्यांचं बाळ होतं. सबंध गाण्यात सुरांचे फक्त दोन मेळ आहेत, आलटून पालटून. तबल्याच्या साथीला लेहरा जसा तोच तो फिरत राहतो आणि वरचं सगळं बदलत जातं, तसं ते ऐकलं तर पंधरा मिनिटं का कंटाळा येत नाही ते कळतं. असो, तबल्यावर बोलायला लागलो तर आजचं व्याख्यान संपायचं नाही.

‘मॉर्निंग ड्यू’ हे बॉनी डॉब्सन या कॅनडाच्या गायिकेचं, अणुयुद्धानंतर उरलेल्या दोन माणसांच्या संवादाचं गाणं. ते हळू सुरू होतं, आणि शेवटी गार्सियाची गिटार वेग घेत घेत अशा ठिकाणी पोचते की पुढे फक्त थांबणंच शक्य असतं. या मैफलीबद्दल बोलताना चाहते बहुतेक वेळा इथे येऊन अडखळतात. त्यांना शब्द सापडत नाहीत, आणि ते त्यांनी शोधूही नयेत असं आम्हाला वाटतं.

तर त्या रात्री मंचाच्या बाजूने एक बाई टेप करत होत्या. बेटी कँटर-जॅक्सन. या श्रोत्यांपैकी नव्हेत, बँडच्याच ध्वनियंत्रणेतल्या. गवयासमोरचा आणि प्रत्येक वाद्यासमोरचा मायक्रोफोन जिथे येऊन मिळतो तिथून थेट आवाज घेऊन त्या टेपसाठी त्याचं स्वतंत्र मिश्रण करायच्या. कान तयार, हात हलका. त्यांच्या टेपा इतक्या स्वच्छ की वाटतं आपण गार्सियाच्या मांडीला मांडी लावून बसलो आहोत. पुढे त्यांच्यावर वाईट दिवस आले. शेकडो रिळं भाड्याच्या गोदामात पडली, भाडं थकलं, आणि १९८६ मध्ये गोदामातल्या सामानाचा लिलाव झाला. टेपा परक्या हातांत गेल्या. त्यातल्या कित्येक पुढे चाहत्यांनी दुरुस्त केल्या, त्यांच्या प्रती केल्या, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्या टपालाने देशभर फिरायला लागल्या. त्यांत कॉर्नेलची होती.

इथे आपल्या प्रश्नाला तोंड फुटतं. ही मैफल बँडच्या सगळ्यात गाजलेल्या मैफलींपैकी एक मानली जाते. कित्येक चाहते तिला पहिली जागा देतात. अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने राष्ट्रीय महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणांच्या २०११ च्या यादीत तिला घेतलं. २०१७ च्या मे महिन्यात, चाळीस वर्षांनी, ती अधिकृतपणे प्रकाशित झाली, आणि त्याच वर्षी पीटर कॉनर्स यांनी या एका मैफलीवर आख्खं पुस्तक लिहिलं. पण चाहत्यांमध्येच एक मोठा पक्ष असा आहे की, कॉर्नेल काही एकटी नव्हे. दुसऱ्या दिवशीची बफेलोची मैफल तितकीच चांगली होती. आदल्या दिवशीची बोस्टनचीही कमी नाही. कॉर्नेल मोठी झाली ती बेटीच्या टेपेमुळे. म्हणजे आधी टेप गाजली, मग मैफल.

हा पक्ष मान्य केला तर काय होतं बघा. १९७७ साली वीस वर्षांचा असलेला एक विद्यार्थी बार्टन हॉलमध्ये होता असं समजू. त्याने अशा वीस-पंचवीस मैफली ऐकल्या. दहा वर्षं ही मैफल त्याच्यासाठी त्यांतली एक. मग एक दिवस टपालाने कॅसेट आली. त्याने ती शंभरदा ऐकली. आज तो सत्तरीला टेकला आहे, आणि विचारलं तर डोळे मिटून सांगतो, ‘स्कार्लेट’मधून ‘फायर’मध्ये जाताना असं झालं, तिथे डोनाचा आवाज असा वर गेला. प्रश्न असा की हे तो आठवतो आहे काय?

अन्नंभट्ट म्हणेल, थांबा. केवळ संस्कारातून आलं तर स्मृती. पण संस्कार कशाचा? हॉलमधल्या अनुभवाचा की कॅसेटच्या अनुभवाचा? एक संस्कार एकदाच पडलेला, १९७७ चा. दुसरा शंभरदा गिरवलेला. गिरवलेल्या अक्षराखाली मूळचं अक्षर शिल्लक असतं का, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. न्यायात संस्कार जागं करणाऱ्या गोष्टीला उद्बोधक म्हणतात. सारखेपणा हा त्यांतला एक. कॅसेट ही उत्तम उद्बोधक आहे, यात वाद नाही. पण अडचण अशी की ही उद्बोधक नुसती हाक मारून थांबत नाही. ती दार उघडून आत येते आणि घरात राहायलाच लागते.

आमचं म्हणणं असं आहे, आणि आजच्या व्याख्यानात सांगायचं ते हेच, की कॅसेट आल्यानंतर त्या माणसाकडे संगीताच्या बाबतीत जे आहे ती स्मृती राहिलेली नाही. ती प्रत्यभिज्ञा झाली आहे. तो आठवत नाही, तो ओळखतो. ‘हे तेच’. आणि प्रत्यभिज्ञा ही स्मृतीपेक्षा कमी दर्जाची गोष्ट नव्हे. उलट न्यायाच्या हिशेबात ती वरची, कारण तिच्यात प्रत्यक्ष आहे. फक्त ती काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा हिशेब नीट मांडायला हवा. तो मांडला नाही तर म्हातारा चाहता विनाकारण खोटा ठरतो, नाहीतर टेप विनाकारण देव ठरते. दोन्ही होताना दिसतं.

टेप देव कशी नाही, ते आधी पाहू. बार्टन हॉल दगडी, उंच, आवाज घुमणारा. हजारो लोक आत. मागे उभ्या असलेल्या माणसाला काय ऐकू आलं असेल? ढोलांचा घुमारा, शेजाऱ्याचं ओरडणं, त्यातून गिटारची रेघ. बेटीच्या टेपेत यातलं जवळजवळ काही नाही. तिच्यात वाद्यं आहेत, वेगवेगळी, स्वच्छ, तोलून ठेवलेली. म्हणजे ही टेप जी मैफल ऐकवते ती त्या हॉलमध्ये उभ्या असलेल्या कुणीही ऐकलेली नाही! श्रोत्यांमधून केलेल्या टेपाही आहेत; त्यांत घुमारा आहे, आरडाओरडा आहे, पण तोही एकाच जागेवरच्या मायक्रोफोनचा. तेव्हा ‘टेपेवर असं आहे, म्हणून तुझी आठवण चूक’ असं जेव्हा एखादा पंचविशीतला चाहता त्या म्हाताऱ्याला सुनावतो, तेव्हा गाण्यांचा क्रम, कुठल्या शब्दावर गायक अडखळला, इतपत ठीक. पण ‘तिथे इतकं स्पष्ट ऐकू येत होतं’ हे टेप सांगू शकत नाही. त्या बाबतीत टेप साक्षीदारच नव्हे.

आता दुसरी बाजू. माणसाची आठवण टेपेसमोर ठेवली तर काय दिसतं, याचा एक फार सुंदर अभ्यास आहे, आणि योगायोग असा की तो करणारा मानसशास्त्रज्ञ १९७७ साली कॉर्नेल विद्यापीठातच शिकवत होता. उलरिक नाइसर. त्यांचा अभ्यास संगीतावर नाही, वॉटरगेटवर आहे. १९७३ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे वकील जॉन डीन यांनी सिनेटच्या समितीपुढे २४५ पानांचं निवेदन वाचलं. महिन्यांपूर्वीची संभाषणं त्यांनी इतक्या बारकाव्याने सांगितली की वर्तमानपत्रांनी त्यांना चालताबोलता टेपरेकॉर्डर ठरवलं. आणि पुढच्याच महिन्यात बाहेर आलं की निक्सनच्या कार्यालयात खरोखरच टेपरेकॉर्डर चालू होता! नाइसर यांनी डीन यांची साक्ष आणि टेपांचे उतारे शेजारी ठेवले. १९८१ मध्ये त्यांचा लेख आला.

१५ सप्टेंबर १९७२ च्या भेटीबद्दल डीन सांगतात, अध्यक्षांनी मला बसायला सांगितलं, माझ्या कामाची त्यांना कल्पना आहे असं म्हणाले, माझी पाठ थोपटली. उताऱ्यात यातलं जसंच्या तसं काहीही नाही. शब्द चूक, क्रम चूक, कोण काय म्हणालं तेही चूक. मग डीन खोटं बोलत होते? नाही. निक्सनला झाकपाकीची माहिती होती आणि ती त्याला मंजूर होती, हे जे डीन सांगत होते ते खरंच होतं. नाइसर म्हणतात, डीन यांना एक प्रसंग आठवत नव्हता. अनेक भेटींमधून जे पुन्हा पुन्हा घडत होतं ते त्यांना एका प्रसंगाच्या रूपात आठवत होतं. अशा आठवणीला नाइसर यांनी एक नवाच शब्द घडवला. मराठीत आपण तिला ‘आवर्ती आठवण’ म्हणू. वरून एका दिवसाची, आतून कित्येक दिवसांची.

आता हे आपल्या चाहत्याला लावून बघा. त्याने वीस-पंचवीस मैफली ऐकल्या. कॉर्नेलची म्हणून तो जे सांगतो त्यात बोस्टनचं काही, बफेलोचं काही, तीन वर्षांनी कुठेतरी ऐकलेल्या ‘मॉर्निंग ड्यू’चं काही मिसळलं असण्याची शक्यता दाट आहे. तारखेच्या दृष्टीने ती चूक. पण १९७७ च्या वसंतात हा बँड कसा वाजत होता, लोक कसे ऐकत होते, या दृष्टीने ती खरी असू शकते. अन्नंभट्टाची कसोटी सोपी आहे : जी स्मृती खऱ्या अनुभवातून आली ती यथार्थ, जी चुकीच्या अनुभवातून आली ती अयथार्थ. आवर्ती आठवण या कसोटीला जरा अवघड जाते, कारण तिच्यामागे एक अनुभव नाही, अनेक खरे अनुभव आहेत. चुकली आहे ती फक्त पाटी. आमच्या मते अशी स्मृती यथार्थाच्या बाजूला टाकायला हवी, पाटी दुरुस्त करून. शुद्ध नैयायिक आमच्यावर रागावेल. रागावू दे.

आणि या पाटी दुरुस्त करण्याच्या कामी टेप खरी उपयोगाची. तेवढंच तिचं काम.

मग जे तिथे नव्हतेच त्यांचं काय? हा प्रश्न आमचाही आहे, कारण आम्हीही ही मैफल ऐकली ती टेपेवरच, तीही म्हातारपणी, संगणकावर. ‘आम्ही तिथे होतो’ म्हणणाऱ्यांची संख्या हॉलमध्ये मावणाऱ्यांपेक्षा जास्त भरेल, असा विनोद सगळ्याच गाजलेल्या मैफलींबद्दल होतो. कॉर्नेलच्या बाबतीत तर उलटा विनोदही आहे : ही मैफल झालीच नाही, ते सगळं गुप्तहेर खात्याचं कारस्थान, असं काही चाहते गंभीर चेहऱ्याने सांगतात. हसण्यावारी नेऊ, पण विनोदाच्या पोटात खरा प्रश्न आहे. टेप ऐकणारा ‘मी कॉर्नेलची मैफल ऐकली’ असं म्हणतो, ते बरोबर आहे काय?

इथे आपल्याकडचा एक जुना वाद कामाला येतो. मीमांसक म्हणत, शब्द नित्य आहे. कशावरून? काल ‘ग’ ऐकला, आज ‘ग’ ऐकला, आणि मला कळतं की हा तोच ‘ग’. ओळख पटते, अर्थी वस्तू तीच. नैयायिक म्हणत, छे! ओळख पटते ती सारखेपणामुळे. दिव्याची ज्योत क्षणाक्षणाला नवी असते, तरी आपण ‘हीच ती ज्योत’ म्हणतोच. तसा आजचा ‘ग’ कालच्या ‘ग’च्या जातीचा, तोच नव्हे.

टेप ऐकणारा तरुण चाहता मीमांसक असतो. त्याच्या दृष्टीने कॉर्नेलची मैफल अजून आहे, कुठेतरी नित्य आहे, टेप वाजली की ती प्रकट होते. हॉलमध्ये असलेला म्हातारा नैयायिक होतो. त्याच्या दृष्टीने ती ज्योत विझली. ही तिच्यासारखी दुसरी. कोणाचं खरं? आम्ही या वादात गाण्याच्या बाबतीत मीमांसकाकडे झुकतो आणि मैफलीच्या बाबतीत नैयायिकाकडे. दोन मेळांवर पंधरा मिनिटं चाललेला तो विस्तार, गार्सियाची प्रत्येक जागा, हे सगळं टेपेवर आहे आणि ते ‘तेच’ आहे असं म्हणायला हरकत नाही. जो ते ऐकतो त्याने ते वादन ऐकलं. त्याला दुय्यम म्हणू नये. पण मैफल म्हणजे नुसतं वादन नव्हे. उभं राहून पाय दुखलेले असतात, पुढून रेटा येत असतो, गायकाने सांगितल्यावर आपण खरोखर एक पाऊल मागे सरलेलो असतो. टेपेवर वीअर ‘मागे सरा’ म्हणतो ते ऐकू येतं. सरलं कोण ते ऐकू येत नाही.

म्हणून चाहत्यांच्या आठवणी ऐकताना, हे चाहते ग्रेटफुल डेडचे असोत की कुणाचेही, आम्ही एक साधा प्रयोग सुचवतो. सांगणाऱ्याला संगीताबद्दल विचारू नका. संगीताबद्दल तो जे सांगेल त्यात टेप बोलत असेल, आणि टेप आपल्याकडे आहेच. त्याला विचारा, कुणाबरोबर गेला होतास? आत शिरायला किती वेळ लागला? परत कसा आलास? आईला फोन केला होतास का, मातृदिन होता ना? याची कॅसेट कुणी पाठवलेली नाही. या आठवणींवर दुसरा संस्कार शंभरदा पडलेला नाही. त्या पुसट असतील, तुटक असतील, पण जी काही केवळ स्मृती त्या रात्रीची उरली आहे ती तिथे आहे. आणि त्या रात्री विशीत असलेली माणसं आज सत्तरीला आली, आमच्याच वयाची. विचारायला फार वेळ उरलेला नाही.

बर्फाचंच बघा ना. या मैफलीच्या आठवणींत तो पुन्हा पुन्हा येतो. लोक घामाने भिजून बाहेर आले, आणि मे महिन्यात बर्फ. टेपेत त्याचा मागमूस नाही, असणार कसा? उलट टेपेवरून कुणी तर्क करायला बसलं तर वारही चुकायचा. कारण शेवटी, श्रोते सोडेनात तेव्हा, त्यांनी जे गाणं वाजवलं त्याचं नाव ‘वन मोर सॅटर्डे नाइट’. आणखी एक शनिवारची रात्र. आणि वार होता रविवार.

आता तुमचे प्रश्न घेऊ.